प्रमाणपत्र मिळालं म्हणजे क्रेडिट जमा?

नाशिकच्या कॉलेजांत हा समज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण व्यासपीठावरचा कोर्स पूर्ण केला की त्याचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक) आपोआप पदवीत जमा होतात. तसं होत नाही.

कोर्स आधी तुमच्या कॉलेजने किंवा विद्यापीठाने मान्य केलेला असावा लागतो. सेमिस्टर संपल्यावर प्रमाणपत्र घेऊन गेलात तर परीक्षा विभाग हात वर करतो, आणि नियमानुसार त्याचं बरोबरच असतं. म्हणून नोंदणीआधीच विभागप्रमुखांची लेखी मंजुरी घ्या; तोंडी ‘चालेल’वर विसंबू नका.

एनपीटीईएलच्या (‘स्वयम्’वरचा आयआयटींचा उपक्रम) 12 आठवड्यांच्या कोर्सला साधारण 3 क्रेडिट. स्वाध्यायांना 25 गुण, केंद्रावरच्या परीक्षेला 75. दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं: किमान 10 आणि 30. इथेच बरेचजण घसरतात, कारण व्हिडिओ मोफत असले तरी परीक्षेची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळं, आणि मुदत मध्येच संपते.

डिजिलॉकरमधून काढलेला 12 अंकी एबीसी क्रमांकही (‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या क्रेडिट साठवणाऱ्या खात्याचा क्रमांक) लागतो. आधारवरचं आणि कॉलेजातलं नाव जुळत नसेल (वडिलांचं नाव गाळलेलं, आडनाव आधी) तर क्रेडिट अडकतात.

मर्यादा? एका सेमिस्टरमधले जास्तीत जास्त 40 टक्के विषय ‘स्वयम्’वरून करता येतात.