फोटो पेपरच्या पाकिटांवर एवढे प्रकार आले कुठून?

सांगलीत हरभट रोडच्या एखाद्या दुकानात नुसतं 'फोटो पेपर द्या' म्हटलं की उलट प्रश्न येतो, कितीचा देऊ, 130 का 180 का 270, ग्लॉसी का मॅट, आणि घेणारा गप्प. हे आकडे म्हणजे जीएसएम, एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बास. फोटो चांगला येणार का याच्याशी त्याचा संबंध तसा कमीच, कारण फोटो कागदावर उठतच नाही, तो उठतो कागदावरच्या लेपावर.

आणि हा लेपाचा खेळ इंकजेटच्या, म्हणजे शाईचे बारीक थेंब उडवून छापणाऱ्या प्रिंटरच्या, लई आधीचा आहे. 1850 मध्ये फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरार यांनी कागदाला अंड्याचा पांढरा भाग लावून अल्ब्युमिन पेपर आणला आणि पुढची कितीतरी वर्षं फोटो त्याच्यावरच निघत होते. मग जिलेटिनचा थर आला आणि त्याच्याखाली बरायटा म्हणजे बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र लेप. आपल्याकडे आजोबा-पणजोबांचे भिंतीवरचे जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो बरेचसे या जातीचे. उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 1960 ची, तिचा 'इंदू' ब्रँड जुन्या स्टुडिओवाल्यांना अजून आठवत असेल.

पण हा कागद केमिकलमध्ये बुडवला की पाणी पिऊन बसायचा, धुवायला वेळ, वाळवायला त्याहून जास्त. म्हणून 1970 च्या आसपास कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा पातळ थर द्यायला लागले, त्याला म्हणतात रेझिन कोटेड, म्हणजे आरसी. आत पाणी जातच नाही, काही मिनिटांत वाळतो, कलर लॅबचा धंदा पुढं याच कागदावर उभा राहिला. आज पाकिटावर 'आरसी 270' लिहिलेलं असतं ते इथून आलंय.

इंकजेट वाढलं ते मात्र ऑफिसात. 1984 चा एचपी थिंकजेट पत्रं आणि हिशेब छापायला होता, फोटोचा विचारच नव्हता. खरं रूप पालटलं 1994 ला, एपसनचा स्टायलस कलर 720 डीपीआयवर, म्हणजे एका इंचात 720 ठिपके पाडून, छापायला लागला तेव्हा. आता अडचण अशी की शाईत बहुतेक पाणीच असतं, साध्या कागदावर ती धाग्याधाग्यातून पसरते, एवढे बारीक ठिपके पाडूनही सगळा चिखल. म्हणजे जुन्या कागदाला पाणी नको होतं आणि नव्याला पाणी प्यायलाच पाहिजे, तेही पडेल तिथंच!

यावर कंपन्यांनी दोन रस्ते काढले. एक, जिलेटिनसारखा फुगणारा लेप. शाई पडली की तो फुगतो, रंग आत घेतो आणि वाळून मिटतो, त्यामुळं रंग हवेपासून झाकलेला राहतो. पण वाळायला वेळ लागतो आणि पावसाळ्यात साताऱ्याकडं, महाबळेश्वरच्या बाजूला तर बोलायलाच नको, बोट लावलं की ठसा उठतो. दुसरा रस्ता मायक्रोपोरसचा, सिलिका किंवा ॲल्युमिनाचे अतिबारीक कण आणि त्यांच्यामध्ये भोकंच भोकं, शाई क्षणात आत, हाताला कोरडा फोटो. लोकांना हाच आवडला. पण त्या भोकांतून हवापण आत जाते. 2000 च्या सुमारास नव्या फोटो प्रिंटरच्या बाबतीत परदेशात मोठा गाजावाजा झाला, वर्षानुवर्षं टिकतील म्हणून सांगितलेले प्रिंट काही ठिकाणी थोड्याच काळात नारिंगी पडले. हवेतल्या ओझोननं निळसर सायन रंग खाल्ला होता. काचेच्या फ्रेममध्ये किंवा अल्बमच्या प्लास्टिकखाली हेच फोटो बरेच टिकतात, उघडे चिकटवले की गेले.

त्याच सुमारास पिगमेंट शाईनं जोर धरला, रंग विरघळलेला नाही तर बारीक कणांच्या रूपात. टिकाऊ, पण फुगणाऱ्या लेपात हे कण शिरत नाहीत, वरच बसतात. फुगणारा कागद बाजारातून मागं पडत गेला त्याचं हे एक कारण.

आपल्याकडचा बाजार वेगळ्याच वाटेनं गेला. एपसनचे एल सिरीजचे टँक प्रिंटर, म्हणजे बाटलीतून टाकीत शाई ओतायचे, आले, शाई स्वस्त झाली, सहा रंगांचा एल 800 आणि मग 805 पासपोर्ट फोटोवाल्यांच्या टेबलावर दिसायला लागला, आणि त्याच्याबरोबर 180 चा स्वस्त कास्ट कोटेड पेपर. ओला लेप तापलेल्या गुळगुळीत रोलरवर दाबून चमक आणतात, आत प्लास्टिक नाहीच. मागची बाजू साध्या कागदासारखी लागते, जास्त शाई पडली की लाटा येतात. शाळेच्या प्रोजेक्टला, पासपोर्टला चालतंय की. लग्नाच्या फोटोला मी तरी वापरणार नाही.

का, ते सांगलीकराला वेगळं सांगायला नको. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, पाणी ओसरल्यावर घरोघरी अल्बम वाळत घातलेले. कलर लॅबच्या फोटोंमध्ये रंग जिलेटिनच्या आत पक्का असतो, ओले असतानाच स्वच्छ पाण्यात हळूहळू सोडवले तर बरेच वाचतात, वाळून एकमेकांना चिकटले की मात्र संपलं. घरच्या प्रिंटरच्या साध्या डाय शाईचे, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईचे फोटो, त्यातून कास्ट कोटेडवरचे, त्यांचा रंगच पाण्याबरोबर वाहून जातो. पिगमेंटचे त्या मानानं तग धरतात.

म्हणून घरी टँक प्रिंटर आणि डाय शाई असेल तर ठेवायच्या फोटोला मायक्रोपोरस आरसी घ्यावा, 230 पासून पुढचा, आणि फ्रेममध्ये घालावा. मॅटवर चमक नाही, पण बोटांचे डाग दिसत नाहीत. काही टँक प्रिंटरमध्ये नुसती काळी शाई पिगमेंटची असते, ती ग्लॉसीवर धरत नाही, म्हणून सेटिंगमध्ये पेपर टाइप बदलावाच लागतो, प्लेन पेपर ठेवून छापलं तर काळं बोटाला येतं.