हरवलेल्या मुलीची थरारकथा घेताय? आधी हे वाचा

दुकानात शिरलं की डाव्या हाताचं पहिलं कपाट दहावीच्या पुढच्या पोरापोरींसाठीच्या थरारकथांचं. त्यातला हरवलेल्या मुलीच्या गोष्टींचा कप्पा सगळ्यांत आधी रिकामा होतो. ट्यूशनसाठी लातुरात राहणाऱ्या मुलीच जास्त नेतात. मग रविवारी गावाकडून भेटायला आलेले आई-वडील आम्हाला विचारतात, "असलं काहीतरी लेकराच्या हातात कशाला देता?" दर वेळी तेच उत्तर काउंटरवर उभं राहून देण्यापेक्षा हा कागद छापला.

गेल्या उन्हाळ्यात औशाकडचे एक मामा भाचीला घेऊन आले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काट्यात अडकलेली ओढणी होती. मामांनी ते पाहिलं आणि पुस्तक परत फळीवर सरकवलं. भाची म्हणाली, "मामा, चित्र राहू द्या, आतलं वाचा की." मामा स्टुलावर बसले. वीसेक पानं झाली, समोरचा चहा गार झाला. मग मान वर करून म्हणाले, "ह्यात ठाणेदार म्हणतो चोवीस तास थांबा. खरंच थांबावं लागतं का हो?"

नाही. असा नियमच नाही. पण लेखकांना तो फार आवडतो, कारण त्या चोवीस तासांत नायिकेच्या मैत्रिणीला एकटीनं शोध घेता येतो. मुलगी अठराच्या आतली असेल तर अपहरण झालं असं धरूनच गुन्हा नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये सांगितलं आहे. "आमची हद्द नाही" हा संवादही पुस्तकात हमखास सापडतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे अशा गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. पोरगी लातुरातून गेली आणि घरचे उदगिरात असले, तर उदगिरातही तक्रार घ्यावी लागते; शून्य क्रमांकानं नोंदवून ती पुढं पाठवतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. घेतलीच नाही तक्रार, तर तीच लेखी करून टपालानं पोलीस अधीक्षकांकडं पाठवता येते. तातडीला 112, लहान मुलांसाठी 1098.

मोबाइलचं ठिकाण मात्र पुस्तकातल्यासारखं कॉलेजातला मित्र लॅपटॉपवर शोधून देत नाही. ती माहिती कंपनीकडून पोलीस मागवतात. तुमच्या हातात असतं ते दुकानांचे कॅमेरे बघणं, आणि तिथं घाई करावी लागते. डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. आमच्या दुकानातलं पंधरा दिवसही टिकत नाही.

अठरा पूर्ण झालेल्या मुलीचं गणित वेगळं. तिची हरवल्याची नोंद होते, शोधही होतो. पण ती स्वतःच्या मर्जीनं गेली असेल तर पोलीस तिला बळजबरीनं घरच्यांच्या ताब्यात देऊ शकत नाहीत. आमच्याकडच्या एका कादंबरीचा सगळा पेच नायिकेच्या अठराव्या वाढदिवसावर आहे. पुढचं सांगत नाही.

आमचा निवडीचा निकष एकच. मुलगी सापडल्यावर गोष्ट संपते की सुरू होते? संपत असेल तर ती मुलगी म्हणजे भिंतीवरचा फोटो. असली पुस्तकं आम्ही आता मागवत नाही. सुरू होत असेल तर तिचा जबाब येतो, कोर्ट येतं, गल्लीतल्या बायांची कुजबुज येते. इथंही लेखक घसरतात. एका पुस्तकात सोळा वर्षांच्या मुलीला रात्रभर ठाण्यात बसवून गणवेशातला अधिकारी दरडावतो. असे अधिकारी नसतातच असं आम्ही म्हणणार नाही, पण 2012 च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता घ्यायचा आहे. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. अशा खटल्यातल्या मुलीचं नाव, फोटो, शाळा छापणंही गुन्हा आहे. म्हणून मुलगी सापडली की व्हॉट्सॲपवर फिरवलेला तिचा फोटो पुसा, आणि ज्यांना पाठवलात त्यांनाही पुसायला सांगा.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर आम्ही पेन्सिलीनं वय लिहितो. अत्याचाराचं थेट वर्णन असेल तर खाली एक रेघ असते. रेघेचं पुस्तक सोळाच्या आतल्यांना आम्ही घरच्या मोठ्या माणसाशी बोलूनच देतो, मग पोरं कितीही रुसली तरी.

वाचून पंधरा दिवसांत परत आणलंत तर निम्मी किंमत परत. पानं मोजून घेतो, राग मानू नका. एकानं शेवटची चार पानं फाडून पुस्तक परत दिलं, आणि पुढच्या वाचक मुलीनं रात्री साडेदहाला फोन करून आम्हाला विचारलं, "काका, ती घरी गेली का नाही तेवढं सांगा, मला उद्या पेपर आहे."