पत्रा 1950 चा, इंजिन भंगारातलं

गोलसर मडगार्ड, फुगीर बॉनेट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. 1950 च्या आगेमागेचे शेवरोले आणि फोर्ड पिकअप अमेरिकेत आजही रस्त्यावर दिसतात, पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांत जुना असतो तो फक्त पत्रा. खाली चॅसिसपासून ब्रेकपर्यंत सगळं पन्नास-साठ वर्षांनी नवं. अशा गाडीला तिकडे रेस्टोमॉड म्हणतात आणि उत्तम बनवलेल्या पिकअपला लिलावात भरभक्कम किंमत येते. आज हा हौशी लोकांचा खेळ वाटतो. सुरुवात मात्र गरजेतून झाली आणि ती गरज भागवली भंगारबाजाराने.

हे पिकअप मुळात शेतकऱ्यासाठी होते. फोर्डने 1925 मध्ये मॉडेल टी वर कारखान्यातच हौदा बसवून 281 डॉलरला विकायला सुरुवात केली. महायुद्धात, फेब्रुवारी 1942 मध्ये, नागरी वाहनांचं उत्पादन बंद पडलं. युद्धानंतर नवं रूप घेऊन आधी शेवरोले आली (1947 चा उन्हाळा) आणि मागोमाग जानेवारी 1948 मध्ये फोर्डची एफ मालिका. आज ज्यांच्यावर लोक जीव टाकतात, त्या बहुतेक याच दोन घराण्यांतल्या.

दिसायला देखण्या असल्या तरी आत सगळा राकट कारभार होता. शेवरोलेच्या 3100 या अर्ध्या टनी मॉडेलमध्ये 216 घन इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद 90 अश्वशक्ती. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला पंपाच्या दाबाने तेल मिळत नसे. रॉडच्या बुडाला असलेला चमचा फिरता फिरता तेल उचलून घेई. पुढे अखंड अॅक्सल, चाक ज्यावर वळतं ती किंगपिन आणि पाटे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि त्यांना दाब देणारा मास्टर सिलिंडर केबिनच्या फरशीखाली, तोही एकाच सर्किटचा. म्हणजे एका चाकाकडे गळती झाली की चारही ब्रेक गेले. वायरिंग सहा व्होल्टचं. गिअर तीन आणि मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर 4.11, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.11 फेरे. मक्याच्या शेतातून धान्याच्या कोठारापर्यंत जायला एवढं पुरेसं होतं.

मग रस्ते बदलले. जून 1956 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरांनी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली आणि 41,000 मैलांचं जाळं विणायला सुरुवात झाली. त्यावरची वाहतूक ताशी 60-70 मैलांनी धावणार. आता 3100 चा हिशेब करून पाहा: 4.11 चा अॅक्सल आणि त्या काळचे 16 इंची टायर धरले तर ताशी 60 मैलांना, म्हणजे साधारण 96 किलोमीटरला, इंजिन मिनिटाला जवळजवळ 2,900 फेरे मारतं. त्याची सगळी ताकद 3,300 फेऱ्यांनाच संपते. तासन्‌तास असं पळवायचं आणि बेअरिंगला तेल चमच्याने! दहा वर्षांचा धडधाकट पिकअप महामार्गावर अडगळ ठरला तो असा.

तोवर कॅलिफोर्नियात जुन्या गाडीत दुसरंच इंजिन घालण्याची विद्या चांगली मुरली होती. कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर पोरं तीसच्या दशकापासून शर्यती लावत. 1932 चं फोर्डचं व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, हे त्यांचं दैवत. पण या हॉट रॉडवाल्यांना पिकअपचं कौतुक नव्हतं. तो सुटे भाग वाहायचा, गॅरेजच्या दारात उभा असायचा. पुढे 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या शौकिनांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिने 1948 पर्यंतच्याच गाड्या आपल्या मानल्या. एफ मालिकेतला नंतरचा एफ-100 त्यात बसतच नव्हता.

पिकअपचं नशीब उघडलं ते शेवरोलेच्या 1955 च्या छोट्या व्ही-8 ने. 265 घन इंच, 162 अश्वशक्ती, आणि वजन त्यांच्याच सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षाही कमी. लाखो गाड्यांत ते बसलं, त्यामुळे साठच्या दशकात ठोकलेल्या गाड्यांबरोबर लाखोंनी भंगारात आलं. शेतकऱ्याच्या पोराला असं इंजिन उचलून आणून आजोबांच्या पिकअपमध्ये टाकणं परवडायला लागलं.

टाकणं म्हणायला सोपं. 3100 मध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट उघडा नाही, तो एका जाड नळीत बंद असतो, आणि ती नळी पुढे गिअरबॉक्सला, मागे अॅक्सलला घट्ट जोडलेली. गाडी पुढे ढकलण्याचा सगळा जोर तीच नळी घेते. त्यामुळे नवा गिअरबॉक्स लावायचा तर नळी काढावी लागते, नळी काढली की मागचा अॅक्सल निरुपयोगी होतो, अॅक्सल बदलला की चाकांच्या बोल्टचा मेळ बसत नाही. व्ही-8 लांबीला कमी पण रुंदीला जास्त, म्हणून डावीकडे एक्झॉस्टचा पाइप नेमका स्टेअरिंग बॉक्सवर येतो. सहा व्होल्टचा स्टार्टर नव्या इंजिनाला पुरत नाही, म्हणजे वायरिंगही गेलं. एक बोल्ट सोडवायला गेलेला माणूस शेवटी निम्मी गाडी बदलून बसतो, आणि ब्रेक अजून तेच 1950 चे!

ब्रेक आणि पुढच्या सस्पेन्शनवर सत्तरच्या दशकात आधी धसमुसळा इलाज निघाला: कमॅरो किंवा नोव्हा गाडीचा अख्खा पुढचा सांगाडा कापायचा आणि पिकअपच्या चॅसिसला वेल्डिंगने जोडायचा. वेल्डर चांगला असेल तर ठीक. नसेल तर गाडी सरळ चालवणं ही रोजची कसरत.

खरं उत्तर मिळालं ते कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या गाडीतून. तेलटंचाईच्या तोंडावर फोर्डने 1974 साठी छोटी मस्टँग 2 आणली. पहिल्या वर्षी पावणेचार लाखांहून जास्त खपली, तरी मस्टँगच्या भक्तांनी तिची टिंगल करायची सोडली नाही. 1978 नंतर ती बंद झाली. पण तिचं पुढचं सस्पेन्शन आटोपशीर, अरुंद, रॅक-पिनियन स्टेअरिंगसकट; जुन्या चॅसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये एक आडवा तुकडा बसवला की काम झालं. आधी लोक भंगारातून मूळ भाग काढत. ते संपल्यावर छोटे कारखाने तसेच नवे भाग पाडू लागले, आणि आज "मस्टँग 2 फ्रंट" म्हणून जे विकलं जातं त्यात त्या गाडीचा एक नटही नसतो. टिंगल झालेल्या गाडीचं नाव असं अजून टिकून आहे.

फोर्डवाल्यांनी नंतर आणखी एक खाण शोधली. फोर्डच्याच 2003 पासूनच्या क्राउन व्हिक्टोरिया या मोटारीचं पुढचं सस्पेन्शन अॅल्युमिनियमच्या एका चौकटीवर असतं आणि बोल्ट काढले की सगळं एकसंध खाली येतं. पोलीस आणि टॅक्सी हेच तिचे मोठे गिऱ्हाईक, त्यामुळे निवृत्त गाड्यांना तोटा नव्हता. एफ-100 च्या पत्र्याखाली पोलिसांची गाडी, हे चित्र मला तरी फार आवडतं.

इंजिनाच्या बाबतीत दुसरी उलथापालथ 1997 ची. शेवरोलेची मालक जनरल मोटर्स; तिने कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये एलएस-1 हे नवं व्ही-8 आणलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 1999 पासून त्याच घराण्यातली लोखंडी ब्लॉकची इंजिनं साध्या पिकअपमध्ये बसू लागली. त्यातलं 5.3 लिटरचं सुरुवातीला 270 अश्वशक्तीचं, म्हणजे जुन्या 216 च्या तिप्पट, सोबत ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वेगातही इंजिन सावकाश फिरू देणारा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आठ-दहा वर्षांत तीही भंगारात उतरली, स्वस्तात. अडचण वायरिंगच्या गुंत्याची आणि कॉम्प्युटरची होती; तीही जुळवून देणारे लोक निघाले, मग कंपनीने स्वतःच पेटीबंद इंजिनं विकायला काढली.

यात कायद्याची साथ विसरून चालणार नाही. प्रदूषणाच्या बाबतीत सर्वांत कडक असलेल्या कॅलिफोर्नियातही 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराची नियमित तपासणी नाही. आपल्याकडे नेमकं उलट आहे. जनरल मोटर्सने 1928 ते 1954 मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी केली, पण तशी एखादी जुनी शेवरोले कुणी जपली असेल आणि तिच्यात असा बदल केला, तर 2021 च्या नियमांनुसार तिला व्हिंटेज गाड्यांची "व्हीए" मालिकेची पाटी मिळणार नाही. त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवीच, शिवाय चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला आडकाठी करणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अडसर आहे तो वेगळाच. म्हणून आपल्याकडे जुनी गाडी जपणं म्हणजे ती मूळ रूपात आणणं, एवढाच अर्थ शौकिनांमध्ये रुजला.

तिकडे आता बॅटरीची पाळी आहे. फोर्डने नोव्हेंबर 2021 मध्ये 1978 च्या एफ-100 मध्ये मस्टँग माक-ई या विजेवरच्या गाडीच्या दोन इलेक्ट्रिक मोटर बसवून 480 अश्वशक्तीची गाडी प्रदर्शनात मांडली आणि तशी एक मोटर 3,900 डॉलरला विक्रीलाही ठेवली. त्या किमतीत बॅटरी नव्हती, इन्व्हर्टरही नव्हता. त्यासाठी लोक पुन्हा अपघातात ठोकलेल्या गाड्यांच्या यार्डात जातात. फक्त आता तिथे व्ही-8 ऐवजी टेस्ला शोधतात.