केबल वाचते, भार कंट्रोलरवर येतो

कोकणात घर झाडीत आणि मोकळं ऊन सड्यावर, ही नेहमीची अडचण. समजा ३३५ वॅटची नऊ पॅनेल घरापासून ६० मीटरवर बसवली, म्हणजे साधारण ३ किलोवॅट. घरात ४८ व्होल्टची बॅटरी. दोन्हींच्या मध्ये चार्ज कंट्रोलर. पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीला झेपेल इतकं उतरवायचं आणि त्याच प्रमाणात करंट वाढवायचा, हे त्याचं काम. तो पॅनेलकडून जास्तीत जास्त १५० व्होल्ट सोसणारा घ्यावा की ६०० व्होल्ट सोसणारा?

तीन-तीन पॅनेल सिरीजमध्ये जोडून असे तीन गट पॅरलल केले, तर ११२ व्होल्टवर सुमारे २७ अँपिअर मिळतात. नऊच्या नऊ सिरीजमध्ये जोडली, तर ३३७ व्होल्टवर फक्त ९. जाऊन-येऊन १२० मीटर, ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध सुमारे ०.३५ ओहम. केबलमधला तोटा करंटच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे पहिल्या जोडणीत तब्बल २५० वॅट केबल तापवण्यात जातात, दुसरीत जेमतेम २८. कमी व्होल्टेजवर तोटा इतका खाली आणायचा, तर नऊपट जाड तांबं घालावं लागेल. खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली, तीही याच कारणाने उच्च दाबावर.

मग सगळेच ६०० व्होल्टचा का घेत नाहीत? कारण केबलचा वाचलेला त्रास कंट्रोलरच्या पेटीत जाऊन बसतो.

या पेटीत मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. जास्त व्होल्टेज सोसायचं, तर सिलिकॉनचा थर जाड आणि कमी वाहक ठेवावा लागतो. साध्या रचनेत सोसण्याची क्षमता चौपट केली, की त्याच क्षेत्रफळाच्या चिपचा रोध सुमारे ३२ पट होतो. नव्या सुपरजंक्शन रचनेने आणि सिलिकॉन कार्बाइडने ही मर्यादा बरीच सैल केली आहे, पण त्याचे पैसे मोजावे लागतात. शिवाय प्रत्येक चालू-बंदच्या क्षणी व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकाच वेळी स्विचवर असतात. व्होल्टेज जास्त, तर ती उष्णताही जास्त. ती टाळायला चालू-बंदचा वेग कमी केला, तर करंट सलग ठेवणारी कॉइल मोठी घ्यावी लागते. ३३७ वरून बॅटरी चार्ज करण्याच्या ५४ व्होल्टवर उतरताना कॉइलमधली करंटची चढउतार ११२ व्होल्टच्या तुलनेत आधीच दीडपटीहून जास्त असते.

समजा या सगळ्यामुळे कार्यक्षमता दोन टक्क्यांनी घटली. ३ किलोवॅटवर ते ६० वॅट झाले. ६० मीटरवर केबलमध्ये २२० वॅट वाचतात, म्हणून हा सौदा परवडतो. पॅनेल १० मीटरवर असतील, तर वाचतात जेमतेम ३७. तिथे ६०० व्होल्टचा कंट्रोलर घेणं मला पटत नाही.

थंडीचा हिशेबही आधीच करावा. पॅनेल गार पडलं, की त्याचं व्होल्टेज अंशागणिक सुमारे ०.३ टक्क्याने चढतं. भार नसताना ४५ व्होल्ट देणारी तीन पॅनेल २५ अंशांवर १३५ व्होल्ट दाखवतात. निफाडच्या ५ अंशांच्या पहाटे ती १४३ वर जातात, १५० व्होल्टच्या कंट्रोलरला कसंबसं चालणारी. लेहमध्ये उणे २० अंशांवर हाच आकडा १५३ होतो, आणि सकाळच्या पहिल्या उन्हातच कंट्रोलर जळू शकतो.

सुरक्षेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ४०० व्होल्टची चालू जोडणी ओढून काढली, तर ठिणगीची ज्वाळा तशीच टिकते आणि कनेक्टर वितळवते. कंट्रोलरमध्ये पॅनेलची बाजू ट्रान्सफॉर्मरने विलग केलेली नसेल, तर आतला एक स्विच शॉर्ट होऊन बॅटरीचा ब्रेकर उडाल्यावर तेच ४०० व्होल्ट ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर येऊ शकतात. म्हणून घेण्याआधी विलगीकरण आहे का, हे विचारून घ्या.

आणि एमसीबी डीसीचाच, पूर्ण स्ट्रिंगच्या, म्हणजे सिरीजमधल्या सगळ्या पॅनेलच्या एकत्रित व्होल्टेजचा बसवा. त्यावर धन-ऋण खुणा असतील, तर त्या पाळूनच जोडणी करा. काही डीसी एमसीबीमध्ये ज्वाळा विझवण्यासाठी चुंबक असतो. उलट जोडलं, तर तो ज्वाळेला विझवणाऱ्या पट्ट्यांकडे न नेता विरुद्ध दिशेला ढकलतो.