चार्ज : अर्थ आणि मराठी प्रतिशब्द

चार्ज हा इंग्रजीतून आलेला आणि मराठी बोलण्यात पुरता मुरलेला शब्द. मोबाइल चार्जिंगला लागतो, नवे साहेब चार्ज घेतात, प्लंबर दोनशे रुपये चार्ज करतो, पोलीस चार्जशीट दाखल करतात. बोलताना या सगळ्याला एकच शब्द पुरतो. कागदावर मात्र क्षेत्रागणिक वेगळा प्रतिशब्द लागतो आणि तो चुकला की मजकुराचा अर्थ बदलतो.

मूळ लॅटिन ‘कार्रुस’, म्हणजे गाडा. त्यावरून गाडा भरणे, ओझे लादणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेले. जहाजावरचा ‘कार्गो’ याच कुळातला. ओझ्याची ही कल्पना मनात ठेवली की बहुतेक अर्थ उलगडतात. मराठी प्रतिशब्दांतही तेच ओझे आहे: कार्यभार, प्रभार, अधिभार, भारित यांत ते उघड दिसते, बोजा तर ओझेच, आणि ‘आरोप’ हा आरोपणाचा भाऊबंद, म्हणजे एखाद्यावर ठेवणे.

सर्वाधिक गोंधळ फौजदारी प्रकरणांत होतो. तक्रारीनंतर ‘गुन्हा दाखल’ होतो तेव्हा कायद्याच्या अर्थाने चार्ज नसतोच. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयाला अहवाल देतात, ती चार्जशीट: आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेचा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू) त्याची तरतूद कलम १९३ मध्ये आहे. आरोपी कोठडीत असेल आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास पूर्ण झाला नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून आरोपपत्र दाखल होण्याच्या तारखेला महत्त्व. खरा चार्ज त्यानंतरचा. न्यायालय कागदपत्रे पाहून, दोन्ही बाजू ऐकून ‘दोषारोप निश्चित’ करते. म्हणजे आरोपपत्र पोलिसांचे, दोषारोप न्यायालयाचा. बातमीत ‘पोलिसांनी आरोप निश्चित केले’ असे छापून येते, ते चूक. समन्स खटल्यांत (दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत) तर औपचारिक दोषारोप ठेवावाच लागत नाही.

जमिनीच्या व्यवहारात चार्जला बोजा म्हणतात आणि तो सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात चढतो. कायद्याने बोजा आणि गहाण एक नव्हेत. गहाणात मालमत्तेतील हितसंबंध धनकोकडे जातो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मधल्या चार्जमध्ये ती केवळ देण्याला तारण राहते. गावच्या बोलीत मात्र ‘बोजा’ दोहोंना चालतो, म्हणून करारनाम्याचे भाषांतर करताना मूळ इंग्रजी शब्द पाहिल्याशिवाय बोजा लिहू नये. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला (येणे बाकी नसल्याचा) जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर व्हावा लागतो. हे राहून गेलेले शेकडो उतारे जमीन विकायच्या वेळी अडतात.

वीजबिल हा या शब्दाचा चांगला धडा आहे. महावितरणच्या बिलात चार्जसाठी ‘आकार’ येतो: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. ‘वीज शुल्क’ हा मात्र राज्य सरकारचा कर, म्हणजे इंग्रजीतली ड्यूटी. घरगुती ग्राहकाला तो १६ टक्के लागतो. त्याच कागदावर ‘मंजूर भार’ असतो, तो किलोवॉटमध्ये. तो लोड, चार्ज नव्हे. भौतिकशास्त्राच्या जुन्या मराठी लेखनात चार्जला ‘विद्युत भार’ म्हटले आहे, त्यामुळे भार म्हणजे चार्ज की लोड हा प्रश्न उभा राहतो. आजच्या पाठ्यपुस्तकांतला ‘विद्युतप्रभार’ हा शब्द म्हणूनच बरा: धनप्रभार, ऋणप्रभार. त्याचे एकक कूलोम. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला की ३६०० कूलोम होतात. त्या हिशेबाने ५००० मिलिअँपिअर-तासांची मोबाइलची बॅटरी १८,००० कूलोम पुरवते. मात्र बॅटरीत प्रभार ‘भरत’ नाही. जेवढा आत येतो तेवढाच दुसऱ्या टोकाने बाहेर जातो. साठते ती रासायनिक ऊर्जा. तेव्हा ‘बॅटरी प्रभारित करा’ हे शास्त्राला धरून नाही आणि कानालाही बरे लागत नाही. चार्जच म्हणावे.

पैशांच्या अर्थी शुल्क, आकार, फी, भाडे यांतून संदर्भ पाहून निवड करायची. सर्व्हिस चार्ज म्हणजे सेवाशुल्क, सरचार्ज म्हणजे अधिभार. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका भाड्याने दिल्यास लागणारे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘फ्री ऑफ चार्ज’ला विनामूल्य किंवा मोफत, ‘फुकट’ छापील सूचनेत नको, त्यात हिणकस छटा आहे.

सरकारी कार्यालयात चार्ज म्हणजे कार्यभार किंवा पदभार, आणि तात्पुरता सांभाळणारा प्रभारी. कार्यभार अहवालात तारखेबरोबर मध्यान्हपूर्व की मध्यान्हनंतर हेही लिहितात, कारण त्या दिवसाचा पगार कोणाच्या नावे पडायचा हे त्यावर ठरते. अर्थसंकल्पातला ‘चार्ज्ड’ खर्च वेगळा: मराठी पुस्तिकांत तो ‘भारित’, मतदानाला जाणारा ‘दत्तमत’. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, कर्जावरचे व्याज हे भारित. संविधानाच्या अनुच्छेद २०३ नुसार त्यावर विधानसभेत चर्चा होते, मतदान होत नाही. इथे ‘आकारलेला खर्च’ लिहिणाऱ्याने कोश उघडलेला नसतो.

हल्ल्याच्या अर्थी लाठीचार्ज रूढ आहेच, लाठीमारही तितकाच. घोडदळाच्या चार्जला ‘तुटून पडणे’ यासारखा शब्द नाही.

शेवटचा खड्डा छोट्या शब्दांचा. इंग्रजीत ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे प्रमुख. मध्ये ‘द’ आला की ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे ताब्यात, देखरेखीखाली. पहिल्या प्रयोगात फौजदार ठाण्याचा प्रमुख असतो, दुसऱ्यात कैदी त्याच्या ताब्यात. घाईत भाषांतर केले की कैदीच ठाणेदार होऊन बसतो.