सीटपोस्टचं कॅरिअर की पायांचं कॅरिअर? टूरला निघण्याआधी एवढं बघा

सायकल टूर ठरली की पहिला प्रश्न येतो, मागे हलकं कॅरिअर कुठलं लावू, आणि कुणीतरी हमखास ते सीटपोस्टला, म्हणजे सीट ज्या दांडीवर बसते तिला, क्लॅम्पने आवळायचं कॅरिअर दाखवतं. दोन मिनिटांत बसतं, दोन मिनिटांत निघतं, स्वस्त आहे, खाली पायच नाहीत म्हणजे हलकं असणारच की. रविवारी सकाळी साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्या सायकली बघा, निम्म्यांच्या मागे तेच. कासला जाऊन दुपारी घरी यायचं असेल तर काही बिघडत नाही. पण तीच सायकल घेऊन लोक कराड-चिपळूण रस्त्याने कुंभार्ली उतरून चार दिवस कोकणात निघतात तेव्हा मला राहवत नाही.

पायांचं कॅरिअर काय असतं ते सगळ्यांना माहितीये. दुधाच्या किटल्या लावलेल्या जुन्या काळ्या सायकलीचं लोखंडी कॅरिअर आठवा, त्याचंच सडपातळ रूप. साधारण 10 मिलिमीटरचे पाइप, ॲल्युमिनियमचे नाहीतर क्रोमोलीचे म्हणजे चांगल्या स्टीलचे, खालचे दोन पाय मागच्या चाकाच्या ॲक्सलजवळ फ्रेमला असलेल्या भोकांत, वरचे दोन हात सीटखालच्या पाइपांना. झालं, यात समजावण्यासारखं काही नाही.

लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. त्यांना वाटतं दोन्ही कॅरिअरच आहेत, फक्त लावायची जागा वेगळी, एक फ्रेमला आणि एक सीटपोस्टला. तसं नाहीये. बघायचं ते वजन कुठून जमिनीत जातंय. पायांच्या कॅरिअरमध्ये सामानाचं वजन पायांतून सरळ खाली ॲक्सलवर, तिथून चाकात, तिथून रस्त्यावर. वरच्या दोन हातांना फार काही काम नसतं, कॅरिअर पुढे-मागे कलंडू नये एवढंच बघायचं. 8 किलो सामान असेल तर एकेका पायावर साधारण 4 किलो, विषय संपला. सीटपोस्टच्या कॅरिअरला खाली काहीच आधार नाही, सगळं वजन मागे हवेत आणि पकड फक्त एका क्लॅम्पची. भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालणं आणि तीच हात लांब करून धरणं यात जो फरक आहे तोच इथे आहे, कळशी तेवढीच, पण हात किती वेळ टिकेल?

ज्यांना आकड्यांशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी हिशोब. बॅग 8 किलोची, तिचा मध्य सीटपोस्टपासून 30 सेंटिमीटर मागे, आणि क्लॅम्पची उंची धरा 5 सेंटिमीटर. 8 गुणिले 30 भागिले 5, म्हणजे 48. क्लॅम्पची वरची कड पोस्टला 48 किलोच्या जोराने मागे ओढतेय आणि खालची कड तेवढ्याच जोराने पुढे रेटतेय, तेही सायकल उभी असताना. आता उतारावर स्पीडब्रेकर दिसला नाही आणि सायकल उडून आपटली की हाच जोर क्षणभर दुपटीवर सहज जातो. दिवसभर असले दणके बसल्यावर बोल्ट सैल होणार नाही तर काय होणार.

आणि हे झालं फक्त वर-खाली. खरा त्रास आडवा असतो. सीटपोस्ट गोल, क्लॅम्प गोल, त्यामुळे कॅरिअर डावी-उजवीकडे फिरू नये म्हणून फक्त घर्षण असतं, अडवायला दुसरं काही नाही. एका बाजूला पाण्याची बाटली जास्त झाली किंवा चढावर उभं राहून पॅडल मारलं की मागची बॅग झोके घेते आणि कॅरिअर हळूहळू एका अंगाला वळतं. असं कॅरिअर वापरणाऱ्या कुणाचाही क्लॅम्प काढून बघा, खाली सीटपोस्टच्या काळ्या रंगावर चंदेरी ओरखड्यांची कोयरीसारखी नक्षी असते, ती त्या फिरण्याचीच. लोक मग क्लॅम्प अजून आवळतात, त्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतात, तरी दुसऱ्या दिवशी तेच. पोस्ट कार्बनची असेल तर असलं कॅरिअर लावूच नका, आवळून आवळून चिरेल.

आता हलकेपणाचं. ही गंमत कुणी बघतच नाही. एवढा जोर एका दांडीवर पेलायचा म्हणून सीटपोस्टच्या कॅरिअरची दांडी जाड ठेवावी लागते, क्लॅम्प दणकट लागतो, शिवाय पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगा, चाकात जाऊ नयेत म्हणून बाजूला जोडायच्या कड्या वेगळ्या. सगळं मिळून सहाशे-सातशे ग्रॅम सहज होतात. उलट ट्यूबस या जर्मन कंपनीचं फ्लाय नावाचं पायांचं कॅरिअर साधारण साडेतीनशे ग्रॅमचं आहे, स्टीलचं आहे, आणि 18 किलो पेलतं. म्हणजे पाय असलेलं ते हलकं आणि नसलेलं ते जड! महाग आहे, मान्य, पण साध्या ॲल्युमिनियमच्या पायांच्या कॅरिअरचं वजनसुद्धा सीटपोस्टवाल्याच्या आसपासच असतं, आणि पेलतं 25 किलोपर्यंत.

सीटपोस्टवाल्याची मर्यादा चांगले बनवणारे स्वतःच लिहितात, टोपीक कंपनीच्या बीमरॅक या कॅरिअरवर 7 किलो, बाकीच्यांचं थोडं इकडेतिकडे. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या कॅरिअरवर खुशाल 50 किलो लिहिलेलं असतं, काहींवर तर शंभराच्या वर! वरचा हिशोब 50 किलो घालून करून बघा, क्लॅम्पच्या कडेवर 300 किलो येतात. कोण लिहितं हे आणि कोण विश्वास ठेवतं. आकड्यापेक्षा आयएसओ 11243 असा उल्लेख आहे का ते बघा, ते सायकल कॅरिअरच्या चाचणीचं मानक आहे.

मग सीटपोस्टवालं घ्यायचंच नाही का? घ्या की. पंक्चर किट, रेनकोट, डबा, फार तर दोन-तीन किलो, एका दिवसाची राइड, बॅग वर ठेवायची, बाजूला पॅनिअर लटकवायचे नाहीत. यापुढे नको. खरं सांगायचं तर एवढ्या सामानाला मी सीटखाली बांधायची मोठी सॅडल बॅगच लावीन.

ॲल्युमिनियम की स्टील यावर लोक तासन् तास भांडतात, त्यात फार अर्थ नाही. "स्टील कुठेही वेल्डिंग होतं" हे अर्धसत्य आहे, मिलिमीटरभर जाडीच्या पाइपाला ट्रॉलीच्या साट्याला वेल्डिंग करणारा माणूस हात लावतो तेव्हा आधी भोक पडतं. बजेट असेल तर स्टील, नसेल तर ॲल्युमिनियम, पुढे चला. फक्त एक बघा, एका बाजूला एकच उभा पाय असलेलं कॅरिअर नको, पाय तिरके जाऊन त्रिकोण झाला पाहिजे, नाहीतर पॅनिअरचा खालचा कोपरा डुलत डुलत स्पोकपर्यंत जातो. आणि वर ती स्प्रिंगची चिमटी असली काय नसली काय.

"पण माझ्या फ्रेमला भोकंच नाहीत" हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण, आणि लोक लगेच सीटपोस्टकडे वळतात. थांबा. वरच्या हातांसाठी भोकं असलेली सीट कॉलर, म्हणजे सीटपोस्ट आवळणारी कडी, मिळते, किंवा रबर लावलेले पी क्लॅम्प, म्हणजे पाइपाभोवती गुंडाळून बोल्टने आवळायचे पत्र्याचे पट्टे, सीटखालच्या पाइपांना बसवता येतात. खाली पी क्लॅम्प चालतात पण वजन कमी ठेवा, कारण सगळा भार तिथेच येतो आणि क्लॅम्प पाइपावरून खाली घसरतो. कार्बन फ्रेमला पी क्लॅम्प नाहीच. थ्रू ॲक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्ये आवळला जाणारा जाड ॲक्सल, असेल तर ॲक्सलवरच बसणारी कॅरिअर येतात, महाग पडतात पण तो सरळ मार्ग आहे. डिस्क ब्रेकचा कॅलिपर मध्ये येत असेल तर डिस्कसाठीचं वेगळं मॉडेल घ्या. दुकानदार "बसतंय की" म्हणत जाड स्पेसर आणि लांब बोल्ट लावून पाय बाहेर काढून देतो, ते टाळा, पाय फ्रेमपासून जितका लांब तितका बोल्ट वाकतो आणि एखाद्या दिवशी डोक्यापाशी तुटतो.

बोल्टांचं अजून एक. ते एम 5 चे म्हणजे 5 मिलिमीटर जाडीचे असतात, 4 मिलिमीटरची ॲलन की लागते, आणि उजव्या बाजूचा, म्हणजे चेनच्या बाजूचा बोल्ट जरा जास्त लांब असला तर त्याचं टोक आतल्या बाजूला बाहेर येतं. स्टँडवर चाक फिरवताना चेन मधल्या गिअरवर असते म्हणून कळत नाही, उतारावर सगळ्यात छोट्या दात्यावर, म्हणजे मागच्या सगळ्यात लहान चक्रावर, टाकलं की चेन त्या टोकाला घासते, खर्र आवाज येतो आणि लोक डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ॲडजस्ट करत बसतात. लावताना चेन छोट्या दात्यावर टाकूनच बघा, टोक दिसलं तर आखूड बोल्ट घ्या नाहीतर डोक्याखाली एक-दोन वॉशर घाला. बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात ते निळं थ्रेडलॉकर लावा, सामान भरून पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर पुन्हा एकदा सगळे आवळा, आणि दोन जादा बोल्ट हँडलबारच्या बॅगेत टाका, तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात एम 5 मिळतो पण ते दुकान उघडं असताना तुमचा तुटेल असं नाही.