लेमन बाम

लेमन बाम ही तुळस आणि पुदिना यांच्याच कुलातील, म्हणजे लॅमिएसी कुलातील, बहुवर्षायू सुगंधी ओषधी असून तिचे शास्त्रीय नाव मेलिसा ऑफिसिनॅलिस असे आहे. मनावरचा ताण हलका व्हावा आणि रात्री झोप लागावी म्हणून तिची पाने अनेक शतकांपासून वापरली जात आहेत. शामक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बऱ्याच वनस्पती कडू किंवा उग्र वासाच्या असतात. लेमन बामचा चहा मात्र कोणीही आवडीने घ्यावा असा असतो, आणि ती टिकून राहिली याला हेही एक मोठे कारण असावे. तिचा गुण सौम्य आहे. दिवसभराच्या धावपळीने आलेली अस्वस्थता किंवा अंथरुणावर पडल्यावरही न थांबणारे विचार यांसाठी ती उपयोगी पडते. जुना निद्रानाश, नैराश्य किंवा तीव्र चिंताविकार यांवर ती उपचार ठरत नाही.

दक्षिण युरोप, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेश आणि इराणपर्यंतचा पश्चिम आशिया हे या वनस्पतीचे मूलस्थान मानले जाते. आता समशीतोष्ण हवामानाच्या बहुतेक प्रदेशांत ती बागांतून लावली जाते. झुडूप साधारण ३० ते १०० सेंमी. उंच वाढते. खोड चौधारी असते, पाने समोरासमोर, अंडाकृती, दंतुर कडांची व सुरकुतलेली असतात. फुले लहान, पांढरट व द्व्योष्ठक (दोन ओठांसारख्या पाकळ्यांची) असून ती उन्हाळ्यात पानांच्या बगलेत झुबक्यांनी येतात. त्यांत मध भरपूर असल्याने मधमाश्या या झाडाभोवती सतत असतात, आणि प्राचीन काळापासून मधमाश्या पाळणारे लोक पोळ्याजवळ ते मुद्दाम लावत आले आहेत. पान भिंगाखाली पाहिल्यास पृष्ठभागावर बारीक केस आणि त्यांच्या अधूनमधून तेलाने भरलेल्या सूक्ष्म ग्रंथी दिसतात. न चुरडलेल्या पानाला फारसा वास येत नाही; पान बोटांत चोळले की या ग्रंथी फुटतात आणि लिंबासारखा ताजा सुवास एकदम दरवळतो.

इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने विंचूदंश व कुत्र्याचा चावा यांवर या पानांचा उपयोग सांगितला आहे. मनाशी तिचा संबंध जोडला तो पुढच्या काळात. अकराव्या शतकातील इराणी वैद्य इब्न सीना याने ती हृदयाला उल्हसित करणारी व उदासी घालवणारी असल्याचे नमूद केले, आणि सतराव्या शतकातील इंग्रज वनौषधितज्ज्ञ निकोलस कल्पेपर यानेही तिच्याविषयी तेच मत मांडले. त्याच शतकात पॅरिसमधील कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांनी लेमन बाम, लिंबाची साल, जायफळ, लवंग, दालचिनी इ. पदार्थ मद्यार्कात उतरवून एक अर्क तयार केला. मज्जातंतूंच्या तक्रारींपासून अपचनापर्यंत अनेक कारणांसाठी तो युरोपभर घेतला जात असे.

पानांत बाष्पनशील तेलाचे प्रमाण अत्यल्प, बहुधा ०.३ टक्क्यापेक्षाही कमी असते. सिट्रल व सिट्रोनेलाल हे त्यातील मुख्य घटक असून सुवास त्यांचाच असतो. शामक परिणामाच्या दृष्टीने मात्र पानांतील रोझमॅरिनिक आम्लाकडे अधिक लक्ष दिले जाते. मेंदूत गॅबा नावाचे एक रासायनिक द्रव्य मज्जापेशींची उत्तेजना आवरते, आणि गॅबा ट्रान्सअमिनेज हे एंझाइम त्याचे विघटन करते. लेमन बामचा अर्क व त्यातील रोझमॅरिनिक आम्ल या एंझाइमाला अटकाव करतात असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. त्यामुळे गॅबा अधिक काळ टिकून मन शांत होत असावे, असा तर्क केला जातो; परीक्षानळीतील हा परिणाम चहाच्या एका पेल्यातून माणसाच्या मेंदूपर्यंत कितपत पोहोचतो, हे मात्र त्यावरून ठरवता येत नाही.

माणसांवरील चाचण्यांपैकी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तीत १८ निरोगी व्यक्तींना वेगवेगळ्या दिवशी ३०० मिग्रॅ. अर्क, ६०० मिग्रॅ. अर्क किंवा दिसायला तसेच पण निष्क्रिय औषध देऊन एकाच वेळी अनेक कामे करायला लावून ताण निर्माण करण्यात आला. ६०० मिग्रॅ. मात्रेनंतर त्यांना अधिक शांत वाटले, पण त्याबरोबर तरतरीही कमी झाली. कामाच्या ऐन वेळी ही मात्रा घेणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. झोपेविषयीचा पुरावा याहून कमकुवत आहे. २०११ मधील एका प्राथमिक अभ्यासात २० व्यक्तींनी १५ दिवस अर्क घेतल्यावर त्यांची चिंता व झोपेच्या तक्रारी कमी झाल्याचे आढळले. परंतु तुलनेसाठी निष्क्रिय औषध घेणारा गट नसल्याने या सुधारणेतील औषधाचा वाटा किती, हे सांगता येत नाही. झोपेसाठीच्या पुष्कळ तयार औषधांत लेमन बाम व्हॅलेरियन या दुसऱ्या शामक वनस्पतीबरोबर असते, तेव्हाही श्रेय कोणाला द्यावे हा प्रश्न उरतोच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतील अस्वस्थतेवर तिचे तेल लावण्याचा प्रयोग २००२ मध्ये यशस्वी वाटला होता, पण २०११ मधील अधिक काटेकोर चाचणीत ते तेल निष्क्रिय तेलापेक्षा सरस ठरले नाही.

युरोपीय औषध संस्थेने मानसिक ताणाची सौम्य लक्षणे व झोप यांसाठी, तसेच पोटफुगी व वायू यांसाठी, या पानांचा पारंपरिक उपयोग मान्य केला आहे. ही मान्यता दीर्घकालीन वापरावर आधारलेली आहे, चाचण्यांनी सिद्ध झालेल्या परिणामावर नव्हे. त्यानुसार १५० मिलि. उकळत्या पाण्यात १.५ ते ४.५ ग्रॅ. वाळलेली पाने घालून तयार केलेला चहा दिवसातून १ ते ३ वेळा घेता येतो. करण्याच्या पद्धतीत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते, ती म्हणजे पाणी ओतताच भांड्यावर झाकण ठेवणे. पाने पाण्यात घालून खळखळ उकळली तर तेल वाफेबरोबर निघून जाते. झाकून १० मिनिटे मुरू दिल्यास तीच वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते आणि ते थेंब पुन्हा पेल्यात झटकून घेता येतात. ताजी पाने वापरायची तर ती हाताने चुरून, वाळलेल्या पानांपेक्षा बरीच जास्त घ्यावी लागतात. झोपेसाठी हा चहा निजण्यापूर्वी अर्धा ते एक तास घेतल्यास लघवीसाठी मध्येच उठावे लागण्याची शक्यता कमी होते.

घरच्या झाडाची पाने बाजारातील जुन्या पुडीपेक्षा बहुधा सरस असतात, कारण सुवास साठवणीत लवकर उडतो. झाड लावणेही अवघड नाही. बी अगदी बारीक असते आणि त्याला रुजण्यास उजेड लागतो, म्हणून ते मातीत खोल पेरू नये. ठोंब फोडून किंवा छाट कलमानेही लागवड होते. पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि कडक उन्हात थोडी सावली एवढे मिळाले की झाड जोमाने वाढते. बी गळून ते भोवताली आपोआप पसरते, तेव्हा ते नको असल्यास फुलोरा वेळीच छाटावा. फुले येण्याच्या सुमारास, दव वाळल्यावर तोडणी करून पाने सावलीत, हवा खेळती ठेवून वाळवतात. वाळलेले पान हिरवेच राहिले पाहिजे. काळपट व बिनवासाच्या पानाचा चहा करण्यात अर्थ नाही. शुद्ध तेल फार थोडे मिळत असल्याने ते अतिशय महाग असते आणि गवती चहा किंवा सिट्रोनेला गवत यांच्या तेलाची त्यात सर्रास भेसळ होते. म्हणून घरगुती वापरासाठी पानेच घ्यावीत.

सामान्य मात्रेत लेमन बाम बहुतेकांना सोसते. झोपेची औषधे, चिंताशामक औषधे व मद्य यांबरोबर घेतल्यास गुंगी वाढू शकते, आणि गुंगी जाणवत असताना वाहन चालवू नये. तिचा अर्क अवटु (थायरॉइड) ग्रंथीला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या कार्यात अडथळा आणतो असे प्रयोगशाळेत आढळले आहे. त्यामुळे थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी नियमित वापरापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पुरेशा माहितीअभावी गरोदर व स्तनदा स्त्रियांनी, तसेच १२ वर्षांखालील मुलांसाठी, औषध म्हणून तिचा वापर टाळण्याचा सल्ला दिला जातो. दोन आठवडे घेऊनही झोप सुधारली नाही तर मात्रा वाढवत न बसता डॉक्टरांकडे जावे, कारण झोप न लागण्यामागे घोरण्याचा विकार, वेदना, नैराश्य किंवा चालू असलेले एखादे औषधही असू शकते.